क्षयजंतूच्या पेशीभित्तिकेतील रेणू बांधणारे एन्झाइम कसे ओळखतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी क्षयजंतूच्या जीनोममधील एक जनुक निवडले आहे. डेटाबेसमध्ये त्याच्यापुढे ‘संभाव्य ग्लायकोसिलट्रान्सफरेज’ (शर्करा जोडणारे एन्झाइम) अशी नोंद आहे, शेजारची जनुके पेशीभित्तिकेशी संबंधित आहेत आणि दुसऱ्या जिवाणूतील एका परिचित एन्झाइमशी त्याचा अनुक्रम बऱ्यापैकी जुळतो. एवढ्या आधारावर ‘हे एन्झाइम अरॅबिनोगॅलॅक्टन (भित्तिकेतील शर्करांचा मोठा रेणू) बांधते’ असे प्रबंधात लिहिता येईल का, आणि येत नसेल तर काय केल्यावर येईल?

लिहिता येणार नाही. अनुक्रमाचे साम्य म्हणजे संशयिताचे नाव कळणे. गुन्हा सिद्ध होणे वेगळे. पेशीभित्तिकेच्या क्षेत्रात एखादे एन्झाइम ओळखले असे म्हणण्यासाठी तीन स्वतंत्र बाजूंनी येणारा पुरावा एकाच अभिक्रियेकडे बोट दाखवत असावा लागतो: परीक्षानळीत त्या प्रथिनाने नेमके कोणते उत्पादन बनवले, जिवंत पेशीत ते प्रथिन काढून घेतल्यावर भित्तिकेतील नेमका कोणता भाग नाहीसा झाला, आणि त्या प्रथिनाला अडवणारे औषध उपलब्ध असेल तर प्रतिरोधी जंतूंमधील उत्परिवर्तन त्याच जनुकात सापडले का. तिसरी बाजू प्रत्येक एन्झाइमच्या वाट्याला येत नाही. पहिल्या दोन मात्र टाळता येत नाहीत.

आधी भित्तिकेची रचना डोळ्यांपुढे असू द्यावी. मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलॉसिसच्या पेशीपटलाबाहेर पेप्टिडोग्लायकनचे जाळे असते. त्याला ऱ्हॅम्नोज आणि एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन यांच्या छोट्या दुव्याने गॅलॅक्टनची साखळी जोडलेली असते, तीत सुमारे ३० गॅलॅक्टोज घटक असतात. गॅलॅक्टनवर अरॅबिननच्या, म्हणजे अरॅबिनोजच्या साखळ्यांच्या, फांद्या (दोन्ही मिळून अरॅबिनोगॅलॅक्टन) आणि त्या फांद्यांच्या टोकांवर ६० ते ९० कार्बनांची मायकोलिक आम्ले असतात. लायपोअरॅबिनोमॅनन हा आणखी एक अरॅबिनोजयुक्त रेणू पेशीपटलाशी निगडित असतो, आणि त्याच्यामुळे अर्थ लावताना पुष्कळ गोंधळ होतो, कारण पेशीतील एकूण अरॅबिनोज कमी झाले एवढ्यावरून ते कोणत्या रेणूतून कमी झाले हे कळत नाही. मानवी पेशी डी-अरॅबिनोफ्युरॅनोज बनवतच नाहीत, म्हणून ते बनवणारे व जोडणारे एन्झाइम औषधांचे लक्ष्य म्हणून इतके मोलाचे आहेत.

आता डेटाबेसमधील नोंदीबद्दल. क्षयजंतूच्या एच३७आरव्ही या प्रकाराचा संपूर्ण जीनोम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख बेस जोड्या आणि जवळपास ४,००० जनुके. त्यांतील बहुतेकांची कामे त्या वेळी इतर जीवांशी असलेल्या साम्यावरून लिहिली गेली. ‘फॅडडी’ या नावाची ३६ जनुके त्यात निघाली आणि ती सगळी मेदाम्लाला कोएन्झाइम-ए जोडणाऱ्या एन्झाइमची मानली गेली, कारण त्या कुळाचे ते सर्वपरिचित काम होते. २००४ मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील राजेश गोखले यांच्या गटाने ही प्रथिने प्रत्यक्ष शुद्ध करून तपासली, तेव्हा त्यांतला एक गट अर्ध्यावरच थांबतो असे दिसले. मेदाम्ल आणि एटीपी यांच्यापासून ॲसिल-ॲडेनिलेट तयार होते, पण पुढची कोएन्झाइम-ए जोडण्याची पायरी होत नाही. सक्रिय झालेले मेदाम्ल थेट पॉलिकीटाइड सिंथेज या मोठ्या एन्झाइमच्या हाती दिले जाते. या गटाला फॅटी ॲसिल-एएमपी लायगेज असे वेगळे नाव मिळाले. मायकोलिक आम्लाच्या शेवटच्या टप्प्यात लांब मेरोमायकोलिक साखळी पीकेएस१३ या पॉलिकीटाइड सिंथेजकडे सोपवणारे फॅडडी३२ याच गटातले आहे. ज्यांनी केवळ नोंदीवर विसंबून कोएन्झाइम-एचा वापर मोजणारी चाचणी लावली असती, त्यांना ‘हे प्रथिन निष्क्रिय आहे’ एवढाच निष्कर्ष मिळाला असता.

दुसरे उदाहरण एका अमिनो आम्लाचे आहे. पेप्टिडोग्लायकनच्या पहिल्या पायरीतील मरए हे एन्झाइम बहुसंख्य जिवाणूंत क्रियास्थळी सिस्टीन बाळगते आणि फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक त्या सिस्टीनलाच बांधले जाते. क्षयजंतूच्या मरएमध्ये त्या जागी ॲस्पार्टिक आम्ल आहे. एन्झाइमचे काम तेच राहिले, पण औषध निरुपयोगी ठरले. एकूण साम्याच्या टक्केवारीत हा फरक दिसतही नाही. क्रियास्थळाचे घटक एकेक करून जुळवल्याशिवाय तो लक्षात येत नाही, म्हणून टक्केवारीपेक्षा मी तिकडे आधी पाहतो.

पुरावा कसा उभा करतात हे पाहायचे असेल तर डीपीआरई१ या एन्झाइमचा अभ्यास करावा; माझ्या मते या क्षेत्रातला तो सर्वांत स्वच्छ नमुना आहे. येथे सुरुवात जनुकापासून झाली नाही, रेणूपासून झाली. अरॅबिननला अरॅबिनोज पुरवणारा दाता म्हणजे डेकाप्रेनिलफॉस्फोरिल अरॅबिनोज हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले होते. डेकाप्रेनिल ही ५० कार्बनांची मेदसदृश शेपटी आहे आणि शर्करा तिच्या फॉस्फेटला जोडलेली असते. हा दाता फॉस्फोरिबोसिल पायरोफॉस्फेटपासून, म्हणजे रायबोजच्या मार्गाने बनतो हेही माहीत होते. रायबोज आणि अरॅबिनोज यांच्यात फरक फक्त दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा आहे. तेव्हा त्या एका गटाची दिशा बदलणारे कोणीतरी पेशीत असलेच पाहिजे, एवढे अनुमान प्रयोगाआधीच पक्के होते. ‘या जनुकाचे काम काय’ असे विचारण्यापेक्षा ‘ही अभिक्रिया कोण करते’ असे विचारले की प्रयोगाची आखणी आपोआप नेमकी होते.

ब्रातिस्लाव्हाच्या कोमेनियस विद्यापीठातील कॅटारिना मिकुशोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की ही दिशाबदलाची क्रिया आरव्ही३७९० आणि आरव्ही३७९१ (हे जीनोममधील जनुकांचे क्रमांक) ही दोन प्रथिने मिळून करतात. आधी हायड्रॉक्सिलचे ऑक्सिडीकरण होऊन कीटो मध्यस्थ तयार होतो आणि नंतर त्याचे क्षपण होऊन अरॅबिनोज मिळते. पहिले प्रथिन पुढे डीपीआरई१ आणि दुसरे डीपीआरई२ म्हणून ओळखले जाऊ लागले. पहिल्याला एफएडी हा सहघटक लागतो, दुसऱ्याला एनएडीएच. दोन प्रथिनांनी मिळून एक काम करणे ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. एकेक प्रथिन वेगळे घेऊन अंतिम उत्पादन शोधणाऱ्याला दोन्ही वेळा काहीच सापडत नाही आणि तो दोन्ही जनुके यादीतून काढून टाकतो.

असा प्रयोग मेजावर कसा दिसतो तेही सांगतो. पेशी फोडून वेगवान सेंट्रिफ्यूजने पेशीपटलांचा गोळा वेगळा करतात. त्यात कार्बन-१४ची खूण असलेला फॉस्फोरिबोसिल पायरोफॉस्फेट घालून ३७ अंशांवर ठेवतात, मग क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने मेदयुक्त भाग काढून घेतात. तो थिन लेयर प्लेटवर एका रेषेत ठिपक्यांनी लावून क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, अमोनिया आणि पाणी यांच्या मिश्रणात वर चढू देतात. फिल्मवर मग एकाखाली एक पट्टे उमटतात. रायबोजचा दाता आणि अरॅबिनोजचा दाता यांचे पट्टे जवळजवळ असले तरी वेगळे ओळखू येतात. तरीही पट्ट्याच्या जागेवर विश्वास ठेवून भागत नाही. तो पट्टा खरवडून सौम्य आम्लात ठेवला की शर्करा आणि फॉस्फेट यांच्यातील नाजूक बंध तुटतो, आणि सुटलेली शर्करा प्रमाणित अरॅबिनोज व रायबोजच्या शेजारी पुन्हा चालवता येते. उकळून निष्क्रिय केलेल्या पटलांची रांग, प्रथिनाविना एक रांग आणि क्रियास्थळ बदललेल्या प्रथिनाची एक रांग त्याच प्लेटवर असावी. वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्लेटवर घेतलेले नियंत्रण मी तरी मान्य करत नाही.

उरलेल्या दोन बाजूंचा पुरावा २००९ मध्ये अनपेक्षित मार्गाने आला. बेंझोथायाझिनोन गटातील बीटीझेड०४३ हा रेणू क्षयजंतूला प्रति मिलिलिटर अवघ्या १ नॅनोग्रॅमला रोखतो असे दिसले, परंतु तो कशावर काम करतो हे ठाऊक नव्हते. प्रतिरोधी ठरलेल्या वेगवेगळ्या मायकोबॅक्टेरियांचे अनुक्रम पाहिले तेव्हा बदल एकाच ठिकाणी आढळला: डीपीआरई१ मधील ३८७ क्रमांकाच्या सिस्टीनवर. नंतर रसायनही उलगडले. एन्झाइमची स्वतःची एफएडी औषधातील नायट्रो गटाचे क्षपण करते, त्यातून नायट्रोसो रूप तयार होते आणि ते त्या सिस्टीनच्या गंधकाला कायमचे चिकटते. एन्झाइम आपल्या हाताने आपला मारेकरी घडवते. मायकोबॅक्टेरियम ॲव्हियममध्ये त्या जागी मुळातच अलॅनिन आहे आणि त्या जंतूवर ही औषधे चालत नाहीत. औषध दिलेल्या पेशींत रायबोजचा दाता साठतो आणि अरॅबिनोजचा दाता नाहीसा होतो. परीक्षानळी, पेशी आणि प्रतिरोध, तिन्ही वाटा एकाच अभिक्रियेवर येऊन मिळाल्या. पुढे बंगळुरूच्या ॲस्ट्राझेनेका केंद्रात सापडलेल्या अझाइंडोल गटाचे लक्ष्यही हेच एन्झाइम निघाले, मात्र ते रेणू सिस्टीनला न चिकटता एन्झाइमला अडवतात.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. संपूर्ण पेशींवर रसायने चाळणारे गट पुन्हा पुन्हा डीपीआरई१ आणि एमएमपीएल३ (मायकोलिक आम्ल पटलापार नेणारे प्रथिन) याच दोन लक्ष्यांवर येऊन थडकतात. यावरून हीच दोन प्रथिने सर्वांत महत्त्वाची आहेत असा अर्थ काढू नये; डीपीआरई१ पेशीपटलाच्या बाहेरच्या बाजूला असल्याचा पुरावा आहे, आणि औषधाला आत शिरावेच लागत नसेल तर ते लक्ष्य सोपे ठरणारच.

शेजाराचा पुरावा किती पोकळ असू शकतो हेही याच भागात दिसते. आरव्ही३७७९ ते आरव्ही३८०९ या पट्ट्यात गॅलॅक्टन, अरॅबिनन आणि मायकोलिक आम्ल या तिन्हींची जनुके दाटीने बसली आहेत. त्यातले आरव्ही३८०७सी हे अरॅबिनोजच्या दात्याच्या मार्गातील फॉस्फेट काढण्याच्या पायरीसाठी अगदी योग्य जागी आहे आणि अनुक्रमही तसाच सुचवतो. मार्गातील इतर जनुके बंद केल्यावर जंतू मरतो, हे जनुक काढले तरी तो जगतो. म्हणजे ती पायरी एकट्या याच प्रथिनावर अवलंबून नाही. शेजार संशयाला बळ देतो, त्यापलीकडे काही नाही.

जिवंत पेशीतील पुराव्याची मुख्य अडचण ही की भित्तिकेची बहुतेक जनुके जंतूला अत्यावश्यक असतात आणि ती काढून टाकली तर अभ्यासायला पेशीच उरत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे जनुक सशर्त बंद करणे: अनहायड्रोटेट्रासायक्लिन या रसायनाने नियंत्रित होणारा प्रमोटर (जनुकाचे वाचन सुरू करणारा भाग) किंवा जनुकाचे वाचन अडवणारी क्रिस्परआय पद्धत वापरून प्रथिनाचे प्रमाण हळूहळू उतरवायचे आणि पेशी मरण्यापूर्वीच्या काळात भित्तिकेचे विश्लेषण करायचे. दुसरा, जो मला अधिक आवडतो, तो म्हणजे नातेवाईक जंतूचा आधार घेणे. क्षयजंतूला एकदा दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस लागतो आणि त्यासाठी तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा प्रयोगशाळा लागते. मायकोबॅक्टेरियम स्मेगमॅटिस सुमारे तीन तासांत दुप्पट होतो आणि साध्या प्रयोगशाळेत वाढतो. त्याहून सोयीचा कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम, जो उद्योगात ग्लुटामिक आम्ल बनवण्यासाठी वापरला जातो. त्याची भित्तिका याच पद्धतीची, पण अरॅबिनन आणि मायकोलिक आम्लांशिवायही तो कसाबसा जगतो, आणि क्षयजंतूत तीन असलेल्या, अरॅबिनोज जोडणाऱ्या एन्झाइमच्या एम्ब जनुकांच्या जागी त्याच्याकडे एकच आहे. गंमत अशी की क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल दिले की हा जंतू जास्त ग्लुटामेट बाहेर सोडू लागतो.

याच जंतूने एक फार सुंदर अनुमान शक्य केले. त्याचे एम्ब जनुक काढल्यावर अरॅबिनन जवळजवळ नाहीसे झाले, परंतु पूर्ण नाही: गॅलॅक्टनच्या आठव्या, दहाव्या आणि बाराव्या घटकावर एकेक अरॅबिनोज तसेच राहिले. एम्ब नसतानाही पहिले अरॅबिनोज कोणीतरी बसवत होते. त्या उरलेल्या तीन घटकांच्या मागावर २००६ मध्ये एएफटीए हे एन्झाइम सापडले, आणि ते काढल्यावर गॅलॅक्टन उघडे पडले. जे नाहीसे झाले त्याच्याइतकेच जे शिल्लक राहिले तेही मोजावे, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो.

यासाठी एकूण शर्करेचे प्रमाण पुरत नाही, शर्करा कोणत्या कार्बनने जोडली आहे हे कळावे लागते. पॉलिसॅकराइडचे सगळे मोकळे हायड्रॉक्सिल मिथिल गटांनी झाकायचे, मग साखळी तोडायची, सुटलेल्या घटकांचे क्षपण आणि ॲसिटिलीकरण करून ते जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) चालवायचे. ज्या जागी मिथिल नाही तिथे बंध होता. अरॅबिननमध्ये टोकाचा, दुसऱ्या कार्बनने जोडलेला, पाचव्याने जोडलेला आणि तिसऱ्या-पाचव्या कार्बनवर फांदी फुटलेला असे घटक वेगवेगळे मोजता येतात. फांदीचा घटक गेला तर संशय एएफटीसी या एन्झाइमवर, दुसऱ्या कार्बनचा गेला तर एएफटीबीवर. विद्यार्थ्याचे जनुक खरोखरच अरॅबिनोसिलट्रान्सफरेज असेल तर या चार शिखरांपैकी कोणते खाली आले हे त्याने दाखवले पाहिजे. त्यानंतर तेच जनुक प्लाझमिडवरून परत दिल्यावर शिखर पुन्हा वर आले हेही दाखवावे लागते, कारण जनुक काढताना पुढच्या जनुकाचे वाचनही बिघडू शकते आणि वर सांगितलेल्या दाटीच्या पट्ट्यात ही शक्यता नेहमीच असते.

तिन्ही बाजू एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा काय होते, याचे उदाहरण आयसोनियाझिडचे आहे. हे औषध १९५२ पासून वापरात आहे. ते मायकोलिक आम्ल बनणे थांबवते हे १९७० च्या सुमारास दिसले. कार्बन-१४ ॲसिटेट दिलेल्या पेशींच्या मेदाम्लांच्या प्लेटवर साध्या मेदाम्लांचा पट्टा राहतो आणि अल्फा, मिथॉक्सी व कीटो मायकोलेटचे तीन पट्टे विरत जातात. केएटीजी हे एन्झाइम औषधाला सक्रिय करते हे १९९२ मध्ये कळले आणि १९९४ मध्ये मायकोलिक आम्ल बनवण्याच्या मार्गातील आयएनएचए हे एन्झाइम लक्ष्य म्हणून पुढे आले. १९९८ मध्ये मात्र त्याच मार्गातील केएएसए हे खरे लक्ष्य असल्याचा दावा झाला, कारण औषध दिलेल्या क्षयजंतूत केएएसए अडकलेला संयुक्त रेणू सापडला होता. दोन्ही बाजूंचे प्रयोग व्यवस्थित होते, म्हणून वाद लांबला. २००२ मध्ये आयएनएचए जास्त बनवणारे जंतू प्रतिरोधी होतात, केएएसए जास्त बनवणारे होत नाहीत, हे दिसले. निर्णायक प्रयोग २००६ चा: आयएनएचएमधील ९४ क्रमांकाच्या सेरीनचे अलॅनिन करणारा एकच बदल, बाकी जीनोमला धक्का न लावता, क्षयजंतूत घातला गेला आणि जंतू आयसोनियाझिड व इथिओनामाइड या दोन्ही क्षयरोगावरील औषधांना प्रतिरोधी झाला. रुग्णांकडून मिळालेल्या प्रतिरोधी जंतूंत एकाच वेळी अनेक बदल असतात, त्यामुळे त्यांच्यावरून कार्यकारणभाव ठरवता येत नाही. एकटा बदल स्वच्छ पार्श्वभूमीवर नेऊन दाखवावा लागतो.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्यातील क्षयरुग्णाचा लाइन प्रोब चाचणीचा (प्रतिरोध आणणारे जनुकबदल पट्टीवर ओळखणाऱ्या चाचणीचा) अहवाल पाहिला तर त्यावर केएटीजी आणि आयएनएचए अशा दोन ओळी असतात. केएटीजीच्या ३१५ क्रमांकावरील बदल औषध सक्रिय होण्यातच अडथळा आणतो. आयएनएचएच्या प्रमोटरमधील उणे १५ या स्थानचा बदल त्या एन्झाइमचे उत्पादन वाढवतो. त्याने येणारा प्रतिरोध सहसा सौम्य असतो, पण इथिओनामाइडही त्यासोबत निकामी होण्याची शक्यता असते. हे एन्झाइम चुकीचे ओळखले गेले असते तर या पट्टीवर वेगळीच जनुके तपासली गेली असती.

आता पेशीपटलात रुतलेल्या एन्झाइमबद्दल, कारण विद्यार्थ्याचे जनुक बहुधा त्याच जातीचे असावे. एम्ब प्रथिने इथॅम्ब्युटॉलचे लक्ष्य आहेत हे १९९० च्या दशकातील प्रतिरोधी जंतूंवरून कळले, विशेषतः एम्बबीमधील ३०६ क्रमांकाच्या मिथिओनिनवरील बदलांमुळे. एम्बए व एम्बबी अरॅबिनोगॅलॅक्टनसाठी आणि एम्बसी लायपोअरॅबिनोमॅननसाठी हे स्मेगमॅटिसमधील एकेक जनुक काढून समजले. परंतु औषध एन्झाइममध्ये नेमके कोठे बसते हे २०२० मधील क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या संरचनांनीच दिसले. पटलातून अनेकदा आरपार जाणारे प्रथिन डिटर्जंटमध्ये काढले की पुष्कळदा मरते. म्हणून अशा प्रथिनासाठी शुद्धीकरणाच्या मागे वर्ष घालवण्याआधी पटलांवरील चाचणी बसवावी.

तर या विद्यार्थ्याने क्रम असा ठेवावा. आधी क्रियास्थळाचे घटक जुळतात का ते पाहावे आणि दाता शर्करा न्यूक्लिओटाइडवरची की डेकाप्रेनिल फॉस्फेटवरची हे संरचनेच्या कुळावरून ठरवावे. दाता चुकला तर पुढची सगळी प्लेट कोरी राहते. मग कोरिनेबॅक्टेरियममधील समरूप जनुक काढून जोडणीचे विश्लेषण करावे, क्षयजंतूचे जनुक परत देऊन बघावे, आणि शेवटी पटलांवर लहान कृत्रिम ग्राहक शर्करेसह (जिच्यावर नवा घटक जोडला जातो तिच्यासह) चाचणी करावी. फक्त पहिली पायरी झाली असेल तर प्रबंधात ‘संभाव्य’ हा शब्द ठेवावा. दुसरी झाली असेल तर ‘या बंधासाठी आवश्यक’ असे लिहावे. ‘हा बंध तयार करते’ हे वाक्य शुद्ध प्रथिनाने, किंवा निदान त्या प्रथिनाशिवाय निष्क्रिय राहणाऱ्या पटलांनी, ते उत्पादन बनवून दाखवल्यावरच लिहावे.